आधी तिसऱ्या पाळीचा चहा पिऊन बघ

कामगारांच्या आरोग्याचं काम तुझ्याकडे आलंय ना, मग पहिला महिना काहीही आयोजित करू नकोस. तिसऱ्या पाळीला जा, रात्री दोनला कँटीनमध्ये काय मिळतं ते खाऊन बघ. आमच्याकडे गार वडा आणि पाकासारखा चहा मिळायचा. आणि मी मधुमेहावरचं व्याख्यान ठेवलं सकाळी अकराला! ऐकायला ऑफिसातलेच लोक, तेही एसीसाठी.

तपासणी शिबिर घेणार असशील तर रिपोर्टचं पुढे काय, ते आधी ठरव. माझ्या पहिल्या शिबिराचा गठ्ठा सुपरवायझरच्या टेबलावर उघडाच पडला होता. कुणाला बीपी, कुणाला शुगर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्कशॉपला कळलं. पुढच्या वर्षी वेल्डिंगवाले निम्मे नेमके त्याच दिवशी रजेवर. कंत्राटी पोरांना तर धास्तीच, काही निघालं की गेटपास बंद. तेव्हा रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. कंपनीला फक्त एकूण आकडे.

बजेट मागण्याआधी ईएसआय, म्हणजे कामगार आणि त्यांच्या घरच्यांच्या उपचारांची सरकारी विमा योजना, बघ. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचे ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते, पण कित्येकांनी घरच्यांची नावंच जोडलेली नसतात. ती जोडून दे. योगदिनाचे फोटो काढच, साहेबांना लागतात.

ताणतणावासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टॉयलेटच्या दाराला आतून चिकटव. नोटीस बोर्डासमोर उभं राहून तो कुणी लिहून घेत नाही.