‘छान लिहिलंस’चा गठ्ठा

शिकवता शिकवता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्र शिकवते. वर्गात ६० जण आहेत. या सत्रात मोठ्या हौसेने वर्गाचा ब्लॉग सुरू केला. प्रत्येकाने दर आठवड्याला २०० शब्द लिहायचे, शिवाय दोघांच्या लेखांवर प्रतिक्रिया द्यायची. त्याला १० गुण. पहिला आठवडा झकास गेला. आता रविवारी रात्री अकरानंतर लेखांचा नुसता पाऊस पडतो आणि प्रतिक्रिया म्हणजे ‘छान लिहिलंस’, ‘सहमत’. खऱ्या गप्पा सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. बंद करून टाकू का हे सगळं?

उत्तर : बंद करू नका, पण आवरा. पत्र वाचून मला हसू आलं, कारण हा गठ्ठा माझ्याही वाट्याला आला होता. मी पहिल्यांदा ब्लॉग ठेवला त्या वर्षी एका मुलाने एकच प्रतिक्रिया सहा जणांच्या लेखांखाली चिकटवली : ‘छान लिहिलंस, असंच लिहीत राहा.’ त्यातला एक लेख वर्गातल्याच मुलीने आजी गेल्यावर लिहिला होता. मुलाला मी चांगलं झापलं. आज वाटतं, झापून घ्यायची पाळी माझी होती. प्रतिक्रियेला गुण मीच ठेवले होते ना! गुणांसाठी लिहिलेली प्रतिक्रिया अशीच असणार. ते गुण आधी काढून टाका.

मग जरा हिशेब करा. ६० जण, प्रत्येकी २०० शब्द, म्हणजे आठवड्याला १२,००० शब्द. वर १२० प्रतिक्रिया. हे वाचतंय कोण? तुम्ही तरी सगळं वाचता का, खरं सांगा. कुणी वाचत नाही हे मुलांना दुसऱ्याच आठवड्यात कळतं आणि मग लेख म्हणजे रविवारी रात्री भरायचा फॉर्म होतो. मी दहा-दहांचे सहा गट केले. एका आठवड्यात एकाच गटाने लिहायचं, बाकी ५० जणांनी फक्त वाचायचं. १५ आठवड्यांच्या सत्रात प्रत्येकाची पाळी दोनदा, फार तर तीनदा येते. तेवढं पुरतं. लेख बुधवारी रात्रीपर्यंत, तास शुक्रवारी. तासाला मी त्यातले दोन लेख पडद्यावर उघडायचे आणि शिकवायला तिथूनच सुरुवात करायचे. आपलं लिहिलेलं तासात येतं हे एकदा दिसलं की रविवारची झुंबड आपोआप थांबते.

पहिले तीन आठवडे मात्र तुम्हाला राबावं लागेल. प्रत्येक लेखाखाली नाव घेऊन एक प्रश्न विचारायचा. शाबासकी नको, प्रश्नच. एक प्रसंग सांगते. माझाही विषय तुमचाच. भूमिकासंघर्ष, म्हणजे एकाच माणसाच्या दोन भूमिकांची ओढाताण, त्या दिवशी शिकवला होता. एका मुलीने २०० शब्दांच्या जागी तीनच ओळी टाकल्या : ‘आज भूमिकासंघर्ष शिकवला. मला कळला नाही. बाकी सगळ्यांना कळलेला दिसला म्हणून विचारलं नाही.’ मी खाली लिहिलं, ‘नेमकं कुठल्या वाक्यापाशी सुटलं?’ तिचं उत्तर : ‘तुम्ही नर्सचं उदाहरण दिलंत तिथे. ती नर्स आहे आणि आई पण आहे. दोन कामं आहेत, यात संघर्ष कुठे आला?’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली अकरा उत्तरं. त्यातलं एक शेवटच्या बाकावरच्या मुलाचं, ज्याने वर्षभरात तासाला तोंड उघडलं नव्हतं. तो रात्रपाळी करायचा. त्याने लिहिलं, ‘परवा परीक्षा आणि पाळी एकाच रात्री आली. साहेबाला वाटतं मी कामचुकार, मॅडमना वाटतं मी अभ्यासचुकार. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधे मी.’ पुढे मी नर्सचं उदाहरण देणंच सोडून दिलं.

आता जे लिहीत नाहीत त्यांच्याबद्दल. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांसाठी एक ढोबळ प्रमाण मांडलं : शंभरातले ९० नुसतं वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं एकटा एक जण लिहितो. तुमच्या वर्गाला लावलं तर ५४ गप्प, पाच-सहा अधूनमधून, आणि नेमाने लिहिणारा एक धड माणूससुद्धा नाही! वर्ग म्हणजे असा मोकळा समूह नव्हे, पण गप्प बसलेला वाचत असू शकतो एवढं ध्यानात ठेवलं तर चिडचिड कमी होते. अशा गप्प वाचकांपर्यंत पोचायचं कसं, त्याचा एक नमुना सांगते. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम जॉर्ज सिमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी सगळ्यांना खुला केला. शुल्क भरलेले विद्यार्थी पंचविसेक, फुकट सामील झालेले दोन हजारांच्या वर. जो तो आपापल्या ब्लॉगवर लिहायचा. ते विखुरलेलं लिखाण आरएसएसने (साइटवरचं नवं लिखाण आपोआप कळवणाऱ्या सोयीने) गोळा व्हायचं आणि रोज एका बातमीपत्रातून सगळ्यांच्या ईमेलवर जायचं. मला त्यातलं हे बातमीपत्र सर्वांत शहाणपणाचं वाटतं. मुलं ब्लॉगवर येतील याची वाट बघत बसू नका. सोमवारी चार ओळींचं पत्र धाडा : या आठवड्यात कुणी काय विचारलं, कोण कुणाशी भांडलं, दुवा हा. माझी वीस मिनिटं जायची त्यात.

व्हॉट्सअ‍ॅपशी वैर धरू नका. ‘उद्याचा तास दहाऐवजी अकराला’ हे तिथेच शोभतं. पण सातव्या आठवड्यात कुणीतरी झकास समजावून सांगितलेलं परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे शोधून बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलेलं असतं. ग्रुपवर असा चांगला वाद पेटला की मी लिहायचे, ‘हे ब्लॉगवर मांड, इथे वाहून जाईल.’ दहातले चार मांडायचे.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे. ब्लॉग जगाला खुला ठेवायचा आणि खऱ्या नावानेच लिहायचं, असं आमच्या सरांनी सांगितलंय. मला नको वाटतं. नाही म्हटलं तर गुण जातील का?

उत्तर : सरांना नुसतं ‘नको’ म्हणू नकोस, पर्याय दे : ‘सर, मी टोपणनावाने लिहिते, कुठलं नाव कुणाचं याची यादी तुमच्याकडे राहू द्या.’ गुण द्यायला त्यांना तेवढं पुरेसं आहे. तरीही अडून बसले तर विभागप्रमुखांकडे जा, त्यात उद्धटपणा काही नाही.

आणि शिक्षकांनो, हे तुमच्यासाठीही. शिकून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका विद्यार्थिनीचा मला फोन आला. दुसऱ्या वर्षाला असताना तिने ‘कुटुंबसंस्था’ या विषयावर आपल्याच घरातली भांडणं लिहिली होती, पूर्ण नावानिशी. नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याने तोच लेख काढला. मी लेख त्याच दिवशी उडवला, पण उघड्यावर ठेवलेल्या पानाच्या प्रती दुसरीकडे उरतात. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था तर १९९६ पासून अशी पानं जपून ठेवतंय. लिहिताना ती १९ वर्षांची होती. सावध करायचं काम माझं होतं आणि मी तिच्या ‘प्रामाणिक लिखाणा’ला वर्गात टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून माझा ब्लॉग वर्गापुरता, पासवर्डच्या आत. ज्याला आपला लेख जगाला दाखवायचाय त्याने सत्र संपल्यावर खुशाल दाखवावा.

प्रश्न : ब्लॉगसाठी कुठली सोय चांगली?

उत्तर : विद्यापीठात मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) असेल तर त्यातल्या चर्चामंचावरही भागतं. स्वतंत्र ब्लॉग हवा असेल तर वर्डप्रेस. ते २००३ पासून आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आणि सगळे लेख-प्रतिक्रिया त्यातून एका फाईलमध्ये बाहेर काढता येतात. बाकी काही बघू नका, पण ही ‘एक्स्पोर्ट’ची सोय बघा. मी सुरुवातीला ज्या साइटवर होते ती बंद पडली आणि तीन वर्षांचं लिखाण गेलं, रात्रपाळीवाल्या मुलाच्या त्या ओळींसकट. वर लिहिल्या त्या आठवणीतून. सत्र संपलं की त्याच दिवशी फाईल उतरवून घ्या, आणि एकाच लॅपटॉपवर ठेवू नका. माझा लॅपटॉपही त्याच वर्षी गेला.