पेडलला नंबर कुठून आणू?

प्रश्न : ताई, भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांसाठी मी पायाने टॅबवरचं पान उलटणारं पेडल बनवतो. आत रास्पबेरी पाय पिको हा छोटा कंट्रोलर बोर्ड आहे. पाच नग ओळखीत दिले, आता वीसेक विकायचेत. यूएसबीला जोडल्यावर संगणक वस्तू ज्यावरून ओळखतो, तो स्वतःचा व्हेंडर आयडी घ्यायचा तर सहा हजार डॉलर! नमुना कोडमधलाच नंबर ठेवला तर चालेल का? – एक वाचक, कळवा

उत्तर : नका ठेवू. तुमचं पेडल मला फार आवडलं. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, पान उलटायला माणूस शोधावा लागतो. म्हणून तर ते मंडळात जाऊन बंद पडू नये असं वाटतं.

वागळे इस्टेटच्या गाळ्यात मी बटणांचा एक डबा बनवला होता, नंबर उसना. माझ्या लॅपटॉपवर छान चालला. गिऱ्हाइकाच्या संगणकावर तोच नंबर असलेल्या केबलचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, आधीच टाकलेला. विंडोजने तो माझ्या डब्याला चिकटवला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. दोन संध्याकाळी मी सोल्डर तपासत बसले; दोष सोल्डरचा नव्हताच.

यूएसबी वस्तूच्या या ओळख-नंबराचे दोन भाग असतात : व्हेंडर आयडी कंपनीचा, प्रॉडक्ट आयडी वस्तूचा. एका व्हेंडर आयडीखाली ६५,५३६ प्रॉडक्ट आयडी बसतात. तुम्हाला हवा एकच, त्यासाठी अख्खी चाळ कशाला विकत घ्यायची?

तुमच्या पिकोवर आरपी२०४० चिप असेल, तर रास्पबेरी पाय कंपनी आपल्या २ई८ए या व्हेंडर आयडीखालचा प्रॉडक्ट आयडी फुकट देते, विक्रीच्या वस्तूलाही. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. सर्किट आणि कोड दोन्ही मुक्त परवान्याखाली खुले करणार असाल, तर पिड डॉट कोड्स या संकेतस्थळावर १२०९ या व्हेंडर आयडीखालचा नंबरही फुकट मिळतो. मात्र नंबर मिळाला म्हणून डब्यावर यूएसबीचा लोगो छापू नका. त्याचा परवाना वेगळा.

आणखी एक. पुढे तीन बटणांचं पेडल काढलंत, तर त्याला नवा प्रॉडक्ट आयडी घ्या, कारण विंडोज जुनी ओळख लक्षात ठेवतं. आणि प्रत्येक नगाचा सीरियल नंबर वेगळा हवा. तो हाताने टाकत बसू नका, पिकोवरच्या फ्लॅश (मेमरी) चिपमध्ये कारखान्यातूनच आलेला आयडी असतो, तोच वाचून द्या.