प्रश्न : नाताळच्या सुट्टीत पुण्याहून साताऱ्याला येतोय. मुलांना मायणीला फ्लेमिंगो दाखवता येतील का?

दाखवता येतील, पण मायणीचाच हट्ट धरू नका. मायणीचा तलाव ब्रिटिशांच्या काळातला, नाव त्याचंच मोठं. पण गाळ इतका साचलाय की पाऊस कमी झाला की लवकर आटतो. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, हल्ली जास्त करून येरळवाडीच्या धरणावर उतरतात, कधी सूर्याचीवाडीच्या तलावावर. २०२१ साली हा सगळा तलावांचा समूह मिळूनच संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालाय. कोरेगाव, पुसेगाव करत वडूजला या. तिथून येरळवाडी लांब नाही.

निघण्याआधी वडूजमध्ये कुणाला तरी फोन करून धरणात पाणी किती आहे ते विचारा. बदकांना भरलेलं धरण चालतं, रोहितांना नाही. ते उथळ पाण्यात उभं राहून पायाने चिखल ढवळतात आणि चोच उलटी धरून पाणी गाळून खातात. त्यामुळे धरण तुडुंब असलं तर डिसेंबरात ते दिसतीलच असं नाही. पाणी उतरून कडेचा चिखल उघडा पडला की मजा. (अर्थात खटावसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने धरण भरल्याची तक्रार करायची म्हणजे घरच्यांच्या शिव्या खायच्या!)

मुलांना एक आधीच सांगून ठेवा: उभा रोहित लांबून पांढुरकाच दिसतो, पिल्लं तर चक्क राखाडी. लाल रंग पंखांत, तो उडतानाच दिसतो. तेवढ्यासाठी लोक आरडाओरडा करून थवा उठवतात, काही जण ड्रोन सोडतात. माझं यावरून भांडण झालंय आणि पुढेही होईल. चरता थवा एकदम माना ताठ करून एका दिशेने चालायला लागला, की समजा तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच खाली बसा. थोड्या वेळाने माना परत पाण्यात जातात.

रोहित नाहीच मिळाले तरी चक्रवाक, पट्टकादंब, चमचे यांतलं काहीतरी भेटतंच. सकाळी लवकर पोचा, दुर्बीण, पाणी आणि डबा घरून आणा. काठावर चहाची टपरी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि फक्त पक्ष्यांसाठीच पुण्याहून निघणार असाल तर सरळ भिगवणला जा, तिथे होडी आणि माहितगार माणूस दोन्ही मिळतात.