कानोसा : वाचकांचे प्रश्न, रत्नागिरीहून उत्तरं

गेल्या अंकात इंडस्ट्रियल आणि इलेक्ट्रॉनिक संगीतावर दोन पानं लिहिली होती, त्यावर बरीच पत्रं आली. सगळी वाचली, पण उत्तरं पाचांनाच देतोय, बाकीच्यांना हळूहळू. नवीन वाचकांसाठी एवढंच की माझं रत्नागिरीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर कॉइल, व्हार्निश आणि बेअरिंग यातच असतो, आणि पंचवीसेक वर्षं हे संगीत ऐकतोय. मतं माझी आहेत आणि ती कान देऊन बनवलेली आहेत.

दादा, मी आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटेनचा ‘कोलाप्स’ लावला तर आई आतून ओरडली की मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही वाटतं. मला आवडतंय पण समजावून सांगता येत नाही. इंडस्ट्रियल म्हणजे नेमकं काय, नुसता गोंगाट? – कॉलेजातली मुलगी, चिपळूण

अगं, आईचं काही चुकलं नाही, त्यात खरोखरच ड्रिल मशीन आहे. बर्लिनची ही मंडळी 1980 साली एकत्र आली आणि 1981 मध्ये ‘कोलाप्स’ काढला, त्यात भंगारातले पत्रे, पाईप, स्प्रिंगा असलं सगळं बडवलंय. पण नाव पडलं त्याच्या आधी, लंडनमध्ये. थ्रॉबिंग ग्रिसल नावाच्या चौघांनी 1976 ला स्वतःची कंपनी काढली, इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स, आणि त्यांचं घोषवाक्य होतं ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’, ते माँटी कझाझा या त्यांच्या मित्राने सुचवलेलं. 1977 च्या पहिल्या रेकॉर्डचं नावच मुळी ‘सेकंड अ‍ॅन्युअल रिपोर्ट’, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत वाटतात ना तसं. आणि त्यातला ख्रिस कार्टर स्वतः सोल्डरिंग करून यंत्रं बनवायचा, बाजारात मिळत नाही तर आपण बनवू म्हणून. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

गोंगाट आणि हे यात फरक काय विचारलंस, तर माझी एकच कसोटी आहे, आवाजात हात ऐकू येतो का. म्हणजे पत्र्यावर घाव पडला तर तो कुणीतरी मारलाय, किती जोराने मारायचा हे ठरवून मारलाय, पुढचा घाव जरा उशिराने पडलाय कारण दंड भरून आलाय, हे कळतं का. ते कळलं की तो गोंगाट राहात नाही. शिमग्याला पालखी नाचवताना ढोल ऐकलायस ना, रात्री दोनला ढोलवाला दमलेला असतो आणि तरी ठेका सोडत नाही, तेव्हा जो आवाज येतो तो पहिल्या तासाच्या आवाजापेक्षा वेगळा असतो. तेच हे.

आईला मात्र ‘कोलाप्स’ने सुरुवात नको करूस. त्यांचाच 1985 चा ‘हाल्बर मेन्श’ घे, त्याचा नावाचाच ट्रॅक नुसत्या गळ्यांवर आहे, वाद्य एकही नाही, कोरस उभा राहतो आणि अंगावर येतो. तो ऐकव. मग थ्रॉबिंग ग्रिसलचा 1979 चा ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’. नावावर जाऊ नको, जॅझ नाही आणि वीस गाणीही नाहीत. कव्हरवर चौघं फुलांच्या हिरवळीवर उभे आहेत, सहलीला आल्यासारखे, आणि ती जागा म्हणजे बीची हेड, इंग्लंडमधला तो कडा जिथून लोक जीव देतात. त्यात ‘हॉट ऑन द हील्स ऑफ लव्ह’ म्हणून ट्रॅक आहे, चौघांतल्या कोझी फानी टुटीची नुसती कुजबुज आणि खाली सिंथचा, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राचा, ठेका, इतका हळुवार की मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं काम ठेवून दिलं होतं. माझ्या मते या जातीच्या संगीतातला तो सगळ्यात सुंदर ट्रॅक आहे.

दादानू, मित्र म्हणता नाईन इंच नेल्सचो ‘द फ्रॅजाइल’ सगळ्यात भारी. माका तो कळाक नाय, लांबच लांब वाटता. माका ‘डाउनवर्ड स्पायरल’च बरो वाटता. कोण बरोबर? – मालवण

मित्र बरोबर आहे, पण तुमचंही चुकत नाही, तुम्ही घाईत ऐकलात इतकंच.

‘डाउनवर्ड स्पायरल’ 1994 चा, त्याला धरायला जागा आहे, गाणी एकामागून एक खाली उतरत जातात आणि शेवटी ‘हर्ट’ येतं, जे पुढे 2002 मध्ये जॉनी कॅशने गायलं आणि सगळ्या जगाला माहीत झालं. कुणालाही पहिल्या फटक्यात पकडेल असा अल्बम आहे. ‘द फ्रॅजाइल’ 1999 चा, दोन डिस्क, शंभर मिनिटांच्या वर, तो एका बैठकीत संपवायला गेलात तर दमायला होणारच. मी सांगतो तसं करा. फक्त पहिली डिस्क घ्या आणि तिचे शेवटचे दोनच ट्रॅक ऐका, ‘ला मेर’ आणि ‘द ग्रेट बिलो’. ला मेर म्हणजे फ्रेंचमध्ये समुद्र. आधी नुसता पियानो, तीच तीच छोटी सुरावट फिरत राहते, मग खाली बेस येतो, मग ड्रम, आणि मध्येच एका बाईचा आवाज क्रिओल भाषेत काहीतरी पुटपुटून जातो. हे ऐकून झालं की दुसऱ्या डिस्कवरचं ‘इंटू द व्हॉइड’ लावा, तीच सुरावट परत भेटेल, दुसऱ्या कपड्यात. हे एकदा कानाला सापडलं की अख्खा अल्बम उलगडायला लागतो, कारण सगळीकडे असेच धागे टाकून ठेवलेत, एका गाण्यातला तुकडा दुसऱ्यात. मी हा अल्बम जुलैत, बंदर बंद असताना, होड्या वर ओढलेल्या आणि समुद्र दिवसरात्र गाजतोय अशा दिवसांत ऐकला होता आणि खिडकीबाहेरची गाज कुठे संपते आणि गाणं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, तुम्ही मालवणचे, तुम्हाला हे जास्त सांगायला नको.

आणि ‘प्रिटी हेट मशीन’ विसरू नका, 1989 चा. नाईन इंच नेल्सचा कर्ताधर्ता ट्रेंट रेझनर तेव्हा क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत साफसफाईची, पडेल ती कामं करायचा आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा आपले डेमो करायचा. आज आवाज जरा पातळ वाटतो पण भूक ऐकू येते. उलट 2008 चा ‘घोस्ट्स’ घ्या, छत्तीस ट्रॅक, शब्द नाहीत, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली काढला म्हणजे कुणीही घेऊन त्यावर पुढे काम करावं, कल्पना मोठ्या मनाची, पण त्यातले निम्मे ट्रॅक सुचले तिथेच सोडून दिल्यासारखे वाटतात मला. चाहता म्हणून वाईट वाटतं पण वाटतं ते लिहितो.

आपण सगळी परदेशी नावं लिहिता. आपल्या देशात या क्षेत्रात काही झालंच नाही का? – निवृत्त शिक्षक, देवगड

झालं गुरुजी, आणि इतक्या लवकर झालं की वाचून मलाच विश्वास बसेना. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथे येऊन स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे टेपवर काम केलं. यातल्या गीताबेन म्हणजे ज्यांनी 1940 च्या दशकात न्यूयॉर्कला जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराला हिंदुस्थानी संगीताची ओळख करून दिली त्याच. पुढे त्या टेपा तशाच पडून राहिल्या, पॉल पर्गस या संशोधक-संगीतकाराने त्या शोधल्या आणि 2023 मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ म्हणून रेकॉर्ड निघाली. ती मी या काही वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं रिलीज मानतो. ऐकताना कळतं की माणसं एका नव्या यंत्रासमोर बसून ‘हे काय काय करतं बघू’ म्हणतायत, कुठे अडखळतात, कुठे एकदम वाट सापडते, आणि टेपची खरखर सगळीकडे. हात ऐकू येतो म्हणतो ना मी, तो इथे अगदी ढळढळीत ऐकू येतो.

दुसरं नाव चरणजित सिंग. मुंबईतले, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. 1982 मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर अशी रेकॉर्ड काढली, हाताशी तीन जपानी यंत्रं, रोलँडची टीबी 303 (बेसचं), टीआर 808 (ड्रमचं) आणि ज्युपिटर 8 (सिंथ). तेव्हा ती चाललीच नाही. 2010 मध्ये परत निघाली तेव्हा जगभर गाजावाजा झाला की हे तर अ‍ॅसिड हाऊस, म्हणजे 303 च्या आवाजावर उभं असलेलं क्लबमधलं नाचायचं संगीत, आणि तेही शिकागोच्या फ्युचर या बँडने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ 1987 ला काढायच्या पाच वर्षं आधी. सगळे तेच लिहितात. मला ते पटत नाही, म्हणजे तारखा खऱ्या आहेत, पण ‘कुणाच्या आधी’ एवढ्यावर ती रेकॉर्ड मोजली की तिच्यातलं खरं काम दिसायचं राहतं. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. ते यंत्र बेस गिटारवाल्याच्या जागी म्हणून बनवलेलं, आणि या माणसाला त्यात मींड दिसली! ललित ऐका, दोन मध्यम जिथे लागून येतात तिथे लक्ष द्या. मेघ मल्हार ऐका, मालकंस ऐका. तुम्ही गाणं ऐकणारे असाल तर माझ्यापेक्षा जास्त सापडेल तुम्हाला. चरणजित 2015 मध्ये गेले, पण त्याआधी म्हातारपणी परदेशात स्टेजवर हेच वाजवून गेले आणि तरुण पोरं त्यावर नाचली, याचं मला मनापासून समाधान आहे.

कोकणातल्या दमट हवेत रेकॉर्ड टिकतात का? घ्याव्यात की नको? – दापोली

घ्या. रेकॉर्डला काही होत नाही, कव्हरला होतं. बुरशी पुठ्ठ्याला आणि आतल्या कागदाला धरते आणि तिथून खाचांत शिरते. म्हणून कागदाची आतली पिशवी काढून प्लॅस्टिकची घाला, रेकॉर्डी उभ्याच ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात अजिबात नको, चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल ओढते, आणि सिलिका जेलच्या पुड्या जूनच्या आधी बदला. कॅसेटी जास्त नाजूक, पांढरे ठिपके दिसले तर प्लेयरला लावू नका, हेडला बुरशी लागली की पुढच्या दहा कॅसेटी बाद होतात. माझ्या चौदा गेल्या अशा एका पावसाळ्यात. सुईच्या वायरी, पिना खाऱ्या वाऱ्याने हिरव्या पडतात, त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसत जा.

मी लोट्याला एका प्लांटमध्ये ऑपरेटर आहे. आठ तास कॉम्प्रेसर आणि ब्लोअरच्या आवाजात असतो. घरी आल्यावर मला हेच असलं संगीत ऐकावंसं वाटतं. बायको म्हणते डोकं फिरलंय. खरंच विचित्र आहे का हे? – खेड

नाही हो. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि हे सदर लिहायला घेतलं ते तुमच्यामुळेच.

माझ्या दुकानात मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यांच्या मोटारी येतात. मोटार टेबलावर चालू करून आम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला. बाहेर नुसता घुंईं आवाज असतो पण आत सगळं वेगळं वेगळं ऐकू येतं, गोळी फुटली असेल तर टिक टिक, ग्रीस वाळलं असेल तर कोरडी घासाघीस, आणि सगळ्याच्या खाली वीजेचा तो शंभर हर्ट्झचा हम. वीस वर्षं हे केल्यावर मला आवाज म्हणजे त्रास हे वाटेनासं झालंय, आवाज म्हणजे आत काय चाललंय त्याची खबर. तुम्हीही ब्लोअरचा सूर बदलला की मीटर बघायच्या आधी उठत असाल, माझी खात्री आहे. दिवसभर तो आवाज आपल्यावर हुकूम चालवतो, आणि घरी रेकॉर्ड लावली की त्याच आवाजाला कुणीतरी माणसाने ताब्यात घेतलेलं असतं, म्हणून बरं वाटतं.

आणि हे संगीत करणारे बरेचसे अशाच गावांतून आलेत. कॅबरे व्होल्टेअर शेफिल्डचे, पोलादाचं शहर ते, 1973 पासून टेपा कापून जोडत बसायचे, त्यांचा 1981 चा ‘रेड मेक्का’ जरूर घ्या, अख्खा अल्बम तापलेल्या पत्र्यासारखा आहे. लंडनचे टेस्ट डिपार्टमेंट भंगार वाजवायचे, ते 1984-85 च्या कोळसा खाणीच्या संपात कामगारांबरोबर उभे राहिले आणि साउथ वेल्सच्या संपावरच्या खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर ‘शोल्डर टु शोल्डर’ हा अल्बम केला. एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला कामगारांचे गळे. तुमच्या बायकोला हा ऐकवा.

पण कान सांभाळा. 85 डेसिबलला आठ तास ही हद्द धरतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन. प्लांटमध्ये इअरमफ घालताय ना? शिफ्टवरून आलात की तासभर काही लावू नका, कानाला सुटी द्या, मग हळू आवाजात. हेडफोनपेक्षा स्पीकर बरे.

तासभराने काय लावायचं तेही सांगतो. कॅबरे व्होल्टेअरमधला ख्रिस वॉटसन पुढे बँड सोडून पक्षी-प्राण्यांचे आवाज टिपायला लागला, डेव्हिड अ‍ॅटनबरोच्या मालिकांसाठी त्याने काम केलंय. त्याचा 2011 चा ‘एल ट्रेन फांतास्मा’ घ्या, म्हणजे भुताची गाडी. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी रेल्वे, जिचा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा प्रवास पुढे बंद झाला, तिचे आवाज त्याने आधी टिपून ठेवले होते, त्यातून हा अल्बम केलाय. रेल्वेच्या आवाजातून संगीत ही गोष्ट पॅरिसला पिएर शेफरने 1948 मध्येच केली होती, पण ती अभ्यास म्हणून ऐकायची, ही राहायला जायची. डबे एकमेकांना धडकतात, रातकिडे, लांबून भोंगा, आणि ‘एल दिविसादेरो’ नावाच्या ट्रॅकमध्ये चाकांचा ठेका हळूहळू असा काही बांधला जातो की ड्रम मशीन झक मारेल.

तुम्ही खेडवरून पॅसेंजरने रत्नागिरीकडे येता तेव्हा करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. पुढच्या वेळी जनरलच्या डब्यात खिडकीशी बसा आणि फोन बंद ठेवा. आत शिरताना आवाज एकदम जवळ येतो, भिंतीवरून परत येणारा ठेका मूळ ठेक्याच्या किंचित मागे असतो, आणि मध्यावर केव्हातरी दोन्ही एक होतात. तो क्षण पकडलात की मला पत्र टाका, कितव्या मिनिटाला आला ते लिहा, मला दर वेळी वेगळा मिळतो.