वाचकांचे प्रश्न : भट्टीची पिवळी ज्योत

प्रश्न : दारव्ह्याजवळ आमचं तर्री-पोह्याचं हॉटेल आहे. 19 किलोच्या सिलिंडरवरची भट्टी पिवळी जळते, गंज (पातेलं) बुडाशी काळा होतो. काय करावं?

उत्तर : ज्वलनाला हवा कमी पडतेय. पण आधी गळती पाहा. सगळ्या आगी विझवा, भट्टीचा कॉक बंद ठेवून सिलिंडर उघडा, रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर सिलिंडर लगेच बंद. काडी पेटवून कधीच तपासू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो.

मग थंड भट्टीच्या मिक्सिंग ट्यूबमधलं (गॅस आणि हवा मिसळते ती नळी) कोळ्याचं जाळं, बेसनाची धूळ काढा. बहुतेकदा दोष तिथंच असतो. जेटमध्ये (गॅस सुटतो ते बारीक तोंड) तार मात्र खुपसू नका, भोक मोठं होऊन काजळी वाढते. शेवटी एअर शटर (हवेची झडप) जरा जरा उघडा, ज्योत निळी होईपर्यंत. ती बर्नर सोडून उचलली तर हवा जास्त झाली. शटर किंचित मागे घेऊन त्याचा स्क्रू आवळा.