आधी कानातले हेडफोन काढ

आक्का, सा. न.
मी मूळची चंदगड तालुक्यातली, दिलंय कर्नाटकातल्या खानापूरकडे. आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सिझर झालं. मुलगा येत्या सोमवारी दीड महिन्याचा होईल. रोज नऊच्या सुमाराला गावातल्या एक आज्जी त्याला तेल लावून न्हाऊ घालायला येतात. हात जोराचा आहे. नाक ओढतात, डोकं दाबून गोल करतात, छातीच्या गाठी पिळतात, कानात-नाकात तेल सोडतात, शेवटी पाय धरून उलटं करतात. बाळ पाऊण तास रडतं. काही म्हटलं तर, ‘रडूदे की गं, छाती मोकळी होतंय,’ म्हणतात. सासूबाईंचंही तेच म्हणणं. मला रडणं ऐकवत नाही, म्हणून तेवढा वेळ मी स्कार्फच्या आत हेडफोन घालून पडून राहते. नंतर मात्र बाळ चार तास उठत नाही, तेवढंच बरं. आता घरात तेलावरून वाद चाललाय. मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत कामाला आहेत, त्यांनी ऑलिव्ह ऑइलची महागडी बाटली आणली. सासूबाई म्हणतात खोबरेलच हवं. कोणतं चांगलं ते सांगा, म्हणजे वाद मिटेल.
– एक बाळंतीण, खानापूर तालुका

पोरी,

खोबरेल चांगलं. साधं, बिनवासाचं. नवजात बाळाच्या मालिशीवर मुंबईच्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००५ साली छापून आला होता. त्यात मिनरल ऑइलपेक्षा खोबरेल लावलेल्या, विशेषतः दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचं वजन जास्त वाढलेलं दिसलं. ऑलिव्ह आणि मोहरीच्या तेलानं कोवळ्या कातडीचं वरचं संरक्षण कमजोर होतं, म्हणून ती बाटली तू तुझ्या पायांना लाव. झाला तेलाचा निकाल.

आता त्या हेडफोनबद्दल बोलू. एवढ्या मोठ्या पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस.

बाळंतिणीनं कान बांधायचे ते वारं लागू नये म्हणून. त्याच्या आत हेडफोन घातलास तो कुणाला कळू नये म्हणून. सासूबाईंना वाटतं सून निजलीय. आज्जींना वाटतं आईची काही तक्रार नाही. नवरा तोवर कामावर गेलेला असणार. म्हणजे तुझं बाळ पाऊण तास जिवाच्या आकांतानं ओरडतं आणि घरातल्या एकाही माणसाला त्यासाठी उठावंसं वाटत नाही. आज्जींचा हात जड आहे हे खरंच, पण माझा राग त्यांच्यापेक्षा तुझ्यावर जास्त आहे. त्यांना तसंच शिकवलं गेलंय. तुला मात्र हे चुकीचं चाललंय हे कळतंय, नाहीतर कान झाकायची गरजच पडली नसती.

ते रडणं ऐकवत नाही यात तुझ्या मनाचा हळवेपणा नाही. आईला ते ऐकवू नयेच, म्हणजे ती उठते आणि बाळाला उचलून घेते. तू नेमकं तेच बंद करून टाकलंस.

आणि ती चार तासांची झोप. ‘तेवढंच बरं’ लिहिलंयस, ते वाचून मला वाईट वाटलं. तो रडून रडून दमून पडतो गं. या वयाचं अंगावर पिणारं बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा दूध मागतं. पाऊण तास रडण्यात गेला, वर चार तास झोपेत, म्हणजे रोज सकाळचं निदान एक पाजणं बुडतं. दुपारी तुझी छाती भरून ठणकत असेल, तीही यामुळेच.

तू लिहिलंयस त्यातली एकही गोष्ट उद्यापासून व्हायची नाही. छातीच्या गाठी तुझ्या शरीरातल्या हार्मोनमुळे आल्यात. मुलगा असो, मुलगी असो, बऱ्याच बाळांना येतात आणि काही आठवड्यांत आपोआप जिरतात. पिळल्या तर तिथं पू होऊ शकतो आणि मग चिरा द्यावा लागतो. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही थेंब नको. नाक ओढून सरळ होत नाही, ते आई-बापाकडून येतं. सिझरच्या बाळाचं डोकं तर बहुतेक वेळा गोलच असतं, ते दाबून काय गोल करायचं? टाळूवर तेलाचा हात हलकेच फिरवला तर चालतं, पण टाळू तेलानं भरत नाही. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपली आपण भरते. तिथं बोट दाबू द्यायचं नाही. उलटं धरणं तर सगळ्यात वाईट. मान अजून धरलेली नाही, झटका बसला तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो आणि खुब्याचे सांधेही कोवळे असतात.

सासूबाई म्हणतीलच की मालिश जोरात केली नाही तर हाडं कच्ची राहतात. मालिशीनं हाडं घट्ट होत नाहीत. त्यासाठी डी जीवनसत्त्वाचे थेंब असतात, रोज ४०० युनिट. डॉक्टरांनी लिहून दिले असतील तर चालू आहेत ना ते बघ, नसतील तर लसीला जाशील तेव्हा विचार.

मग मालिश करायची कशाला? ओळखीच्या हाताचा ऊबदार स्पर्श मिळतो, बाळ निवांत होतं, कातडी मऊ राहते. बस्स, एवढ्यासाठीच. आणि ज्या हाताचा वास, ज्या आवाजाची लय त्याला पोटात असल्यापासून ठाऊक आहे, तो हात तुझा आहे. तो आत पांघरुणाखाली ठेवून तू भलत्याच हाताखाली बाळ दिलंस.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. उद्यापासून बाळाला तेल तू लावायचं.

पाय पसरून पाटावर बसायची गरज नाही, टाका ओढला जाईल. खाली वाकळ अंथर, त्यावर दुपटं, पाठीला भिंत घे आणि बाळाला समोर निजव. पाजून तासभर झालेला असावा, तो जागा आणि शांत असावा. झोपलेल्याला उठवून नको, भुकेल्याला तर नकोच. पंखा बंद कर, पण दारं-खिडक्या गच्च लावून कोळशाची शेगडी पेटवू नका. ओवा-शेपांच्या धुरीनं त्याचा श्वास कोंडतो आणि बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू माणूस मारतो, मग आत बाळ असो की मोठं माणूस. नखं काप, अंगठ्या काढ. हिरव्या बांगड्या काढायच्या नसतील तर वर सरकवून रुमाल गुंडाळ.

तेल थेट गॅसवर तापवू नको. तळहातावर घेऊन हात चोळलेस की पुरेसं कोमट होतं. पहिल्या दिवशी त्याच्या दंडाखाली थोडंसं लाव आणि दुसऱ्या दिवशी पुरळ आलं नाही ना बघ. पायांपासून सुरुवात कर, बाळाला तिथला हात सगळ्यात लवकर सोसतो. मांडीकडून घोट्याकडे, मग तळवे, मग एकेक बोट. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं हलके गोल हात फिरव, गॅस सुटायला बरं पडतं. बेंबी ओली किंवा लाल दिसली तर तिथं हात नको. छातीवर मधून बाहेर. मग हात. शेवटी तुझ्या मांडीवर पालथा घेऊन पाठ. चेहऱ्याला तेल लावायचंच असलं तर गालापुरतं. जोर किती? आपली मिटलेली पापणी बोटानं दाबून बघ, तिला जेवढं सुखानं सोसतं तेवढाच. कातडी लाल झाली की जोर जास्त झाला असं समज.

त्याच्या डाव्या दंडावर बीसीजीचा फोड आला असेल किंवा येत असेल. तो यायचाच असतो. त्याला तेल लावायचं नाही, चोळायचं नाही, फोडायचं नाही. सोमवारी दीड महिन्याच्या लशी आहेत. त्या दिवशी मालिश राहू दे, आणि सुई दिलेली जागा दोन-तीन दिवस चोळू नको. तुमचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांचं आणि लशींचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये असतं, तू चंदगडची, तुला वाचता येत नसेल. म्हणून ते फडताळात ठेवून देऊ नको. आशाताईला घरी बोलाव, ओळ न् ओळ वाचून घे.

बाळानं तोंड फिरवलं, बोटं ताणून पसरली, उचकी लागली, कपाळाला आठ्या आल्या की थांब. रडला तर लगेच उचल आणि छातीशी घे. मालिश अर्धी राहिली तर राहिली. दहा मिनिटं भरपूर झाली. मग आंघोळ. आधी गार पाणी ओत, मग बंबातलं कढत मिसळ आणि कोपर बुडवून बघ. तेलकट बाळ हातातून निसटतं, म्हणून न्हाणीत उभ्यानं काही करायचं नाही. तू बैठी, सासूबाई तांब्यानं पाणी घालतील.

आणि त्याला ताप वाटला, थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस (म्हणजे १००.४ फॅरनहाइट) किंवा त्याच्या वर गेला, किंवा तो दूध ओढेनासा झाला, तर तेल-पाणी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी अंगावर काढायचा नसतो.

आज्जींचं काय, ते सोपं आहे. त्यांची रोजी तोडू नका. त्यांनी तुझी पाठ, तुझे पाय, तुझं डोकं चोळावं. पोटाला आणि टाक्याला मात्र हात लावू द्यायचा नाही. तुझ्या अंगाला त्या हाताची गरज आहे, आई नसलेल्या पोरीला जास्तच. बाळाच्या वेळी त्या शेजारी बसल्या तरी हरकत नाही. हात तुझाच चालेल.

सासूबाईंशी भांडू नको, परवानगीही मागू नको. आज रात्री जेवताना नवऱ्यासमोर एवढंच म्हण: ‘उद्यापासून बाळाला तेल मी लावणार, तुम्ही पाण्याचं बघा.’ नवरा गप्प राहील, त्याला गप्प राहू देऊ नको. तेलाची बाटली आणायला सवड झाली, तर उद्या अर्धा तास उशिरा निघायलाही होईल. पहिल्या दिवशी त्यानं घरात थांबायचं, आणि आज्जी आल्या की त्यांना दारातच त्यानंच सांगायचं.