सी प्लस प्लस जेमतेम येत असताना हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काही काम करता येईल का?

फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, घरी जुना लॅपटॉप पडून आहे आणि चवथीच्या सुट्टीत त्यावर हायकू चालवून बघायचीय, असं तुम्ही लिहिलंय. जरूर बघा. काम करायलाही भरपूर वाव आहे. फक्त कोडकडे सगळ्यात शेवटी या.

हायकू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. तसं नाही, तिचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वेगळा आहे. २००१ साली बी कंपनी पामने विकत घेतली आणि तिची बीओएस ही सिस्टिम संपली. चाहत्यांनी त्याच वर्षी ती नव्याने लिहायला घेतली, तीच ही हायकू. पाचवी बीटा (म्हणजे अजून चाचणीतलीच) आवृत्ती आली सप्टेंबर २०२४ मध्ये! घाई नावाचा प्रकार या मंडळींकडे नाही.

हायकूची इमेज (अख्खी सिस्टिम असलेली एक फाइल) पेनड्राइव्हवर लिहा, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करा आणि पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचा पर्याय समोर येतो, तो घ्या म्हणजे हार्ड डिस्कला हात लागत नाही. २ जीबी रॅम पुरते. स्क्रीन काळीच राहिली तर बूट होताना शिफ्ट दाबून ठेवा (नव्या, यूईएफआय पद्धतीच्या मशीनवर स्पेस पुन्हा पुन्हा दाबा), मेनू उघडेल, त्यात फेल-सेफ व्हिडिओ निवडा. वायफाय दिसलं नाही तर तूर्त लॅनची केबल लावा. गेम विसरा. आणि कॉलेजचं सबमिशन असेल त्या आठवड्यात नेहमीचीच सिस्टिम वापरा. पावसात वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तरी फाइल सिस्टिम जर्नलिंगवाली आहे (बदलांची आधी नोंद ठेवते), सहसा सावरते.

आता कामाचं. डेव्हलपर मूठभर आणि लॅपटॉपची मॉडेलं हजारो. तुमच्याकडचं मशीन बहुधा त्यांच्यापैकी कोणाकडेच नसेल, आणि तेच तुमचं भांडवल. टचपॅड अडखळतो, झाकण मिटून उघडलं की आवाज जातो, असं काही सापडलं की आधी ताजी नाइटली (अगदी अलीकडच्या कोडपासून आपोआप बनणारी) इमेज घेऊन तिच्यावरही तसंच होतं का ते बघा. होत असेल तर तोच बग कोणी आधी नोंदवलाय का शोधा. असेल तर त्याच तिकिटात (बगच्या नोंदीला तिकीट म्हणतात) तुमची माहिती जोडा, नसेल तर नवं तिकीट उघडा. लॅपटॉपचं मॉडेल, सिस्टिमचा एचरेव्ह (hrev, आवृत्तीचा) क्रमांक, नेमकं काय केलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं लिहा. सोबत सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदींची, syslog) फाइल आणि टर्मिनलमध्ये लिस्टडेव्ह (listdev) ही मशीनमधल्या हार्डवेअरची यादी देणारी कमांड चालवून मिळालेला मजकूर द्या. 'साउंड चालत नाही, प्लीज हेल्प' अशा तिकिटाचं कोणी काहीच करू शकत नाही.

कर्नल कोसळला तर स्क्रीनवर डीबगरचा (चूक शोधायच्या साधनाचा) मजकूर येतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका. मोबाइलने फोटो काढा आणि तिकिटाला जोडा, चालतो.

पूर्वी चालणारी गोष्ट आता बिघडली असेल तर जुन्या नाइटली इमेज लावून बघत कोणत्या दोन क्रमांकांच्या मध्ये ती बिघडली, तेही शोधता येतं. कोडची एक ओळ न लिहिता डेव्हलपरचं अर्धं काम होतं, आणि माझ्या मते नवख्याने करण्याजोगं याहून मोलाचं काम नाही. मात्र 'हा बदल तपासून सांगाल का' असं महिन्याभराने कोणी विचारलं तर उत्तर द्या. तिकीट टाकून गायब होणारे फार.

फाइलींना मराठी नावं देऊन जोडाक्षरं नीट उमटतात का, हेही तपासा. हे बघणारे तिथे थोडेच असणार.

कोड लिहायची हौस तरीही असेलच. 'ईझी' असा शेरा असलेली तिकिटं शोधा. पॅच, म्हणजे तुम्ही केलेला बदल, गेरिट या कोड तपासायच्या साइटवर जातो, तिथे टॅब आणि ओळींच्या लांबीवरूनसुद्धा शेरे येतात, मनाला लावून घेऊ नका. दुसरी सोपी वाट हायकूपोर्ट्सची: एखादं सॉफ्टवेअर हायकूवर कसं बांधायचं त्याची रेसिपी लिहायची.

लॅपटॉपचं मॉडेल मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. वायफाय चिपच्या नावासकट खाली कळवा, चालण्यासारखी आहे का बघून सांगतो.